निकॉन एएफ-पी ७०-३०० : धावत्या लोकल गाड्यांसाठी कितपत उपयोगी?

शहरी मार्गावर चार रूळ शेजारी-शेजारी असतात, दर काही मिनिटांनी गाडी येते आणि नेमक्या क्षणी शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी मध्ये शिरते. फ्रेम बदलायला दोन-तीन सेकंद मिळतात. एएफ-पी निक्कोर ७०-३०० मिमी एफ/४.५-५.६ई ईडी व्हीआर ही फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची) लेन्स इथे फार उपयोगी पडते. वजन ६८० ग्रॅम, फिल्टर ६७ मिमीचा. तासन्‌तास हातात धरून उभे राहायचे असते तेव्हा हे वजन महत्त्वाचे ठरते, कारण गर्दीच्या फलाटावर ट्रायपॉड लावूच नये.

हिची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे बॅरलवरचा व्हीआरचा (थरथर कमी करणाऱ्या यंत्रणेचा) खटका: नॉर्मल, स्पोर्ट आणि ऑफ. गाडीबरोबर कॅमेरा फिरवताना स्पोर्टच ठेवा. नॉर्मलमध्ये व्ह्यूफाइंडरमधले चित्र प्रत्येक फ्रेमनंतर किंचित उडी मारते आणि मोटरमनची केबिन फोकस पॉइंटखालून निसटते. अशा पॅनिंगसाठी १/६० सेकंदाच्या शटर वेगापासून सुरुवात करा, हात बसला की १/३० वर या. मात्र व्हीआर फक्त हाताची थरथर थोपवते, गाडीचा वेग नव्हे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी १/५०० सेकंदात सुमारे ३.३ सेंटिमीटर पुढे सरकते. आडव्या कोनातून, कॅमेरा स्थिर ठेवून टिपायची असेल तर १/१००० हवे. समोरून तिरकी येणारी गाडी १/५०० ला बहुधा निभावते.

एवढा शटर वेग ठेवला की एलईडी गंतव्य फलक अर्धवट उमटतो. हा लेन्सचा दोष नाही. फलकातले दिवे सलग पेटलेले नसतात, ओळीओळीने लुकलुकतात. नाव पूर्ण वाचता यायला हवे असेल तर गाडी थांबू द्या आणि १/१२५ किंवा त्याहून सावकाश टिपा. हेडलाइट समोर असताना कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि चित्र काळवंडते, म्हणून आधीच्या गाडीवर एक्स्पोजर ठरवून मॅन्युअलवर राहणे बरे.

ऑटोफोकस झटपट आणि जवळजवळ निःशब्द आहे. पण एक खोच आहे, आणि या कामात तीच सर्वांत जास्त नडते. अनेकजण खांबावर किंवा रुळांच्या सांध्यावर आधीच फोकस लावून गाडीची वाट पाहतात. डी७५०, डी८१०, डी७२०० अशा बॉडींवर स्टँडबाय टायमर (काही वेळ वापर नसला की कॅमेरा झोपवणारा) संपला की ही लेन्स लावलेला फोकस विसरते. फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे मॅन्युअलवर ठेवूनही सुटका नाही. टायमर लांबवा, नाहीतर गाडी दिसताच पुन्हा फोकस लावा. डी९०, डी७०००, डी७०० या जुन्या बॉडींवर तर ऑटो वा मॅन्युअल, कोणताच फोकस होत नाही. जुनी बॉडी असेल तर घेऊच नका.

७० मिमी हे टोकही नीट तपासून घ्या. २० मीटरचा डबा फुल फ्रेमवर आडवा पूर्ण मावायला सुमारे ४० मीटर अंतर लागते, डीएक्सवर (निकॉनच्या लहान सेन्सरच्या बॉडीवर) ६०. समोरच्या फलाटावरून ते मिळत नाही, तिथे २४-७० सारखी लेन्सच हवी. वळणावर, पादचारी पुलावरून किंवा फलाटाच्या टोकापासून पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहून १५० ते २५० मिमी या पट्ट्यात मात्र हिचे सोने होते. डबे एकावर एक दाटतात, वळण ठसठशीत दिसते. खांबही तसेच दाटतात, म्हणून दोन खांबांमधली मोकळी जागा आधी हेरून ठेवा.

३०० मिमीवर सर्वांत मोठे छिद्र एफ/५.६, म्हणजे संध्याकाळी १/५०० साठी आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर. एफ/८ ला कोपरे जास्त नेटके येतात. भर दुपारी ३०० मिमीवर सगळेच मऊ दिसत असेल तर लेन्स दुरुस्तीला नेऊ नका. तापलेल्या खडीवरची हवा लहरत असते. १५० मिमीवर या किंवा सकाळी लवकर जा.