‘वहिनी, घर वाचवून देतो’ म्हणत आलेला माणूस

घरकर्ज घेतलेला माणूस अचानक जातो, हप्ते थकतात आणि बँकेच्या नोटिशीच्या आधीच कोणीतरी सांत्वनाला येऊन पोहोचतो. आमच्या काकूंकडे असाच एकजण आला. बोलणं मऊ, काखेत फाइल. ‘वहिनी, वसुली खात्यात आपली माणसं आहेत, काळजी सोडा.’ त्याने पुढे जे केलं ते तपशिलात लिहिते आहे. ज्यांच्या घरात आत्ता अशी वेळ आलीय, त्यांनी हे वाचावं.

पिंपरीतला फ्लॅट काकांच्या एकट्याच्या नावावर, सोसायटीत काकू नॉमिनी. ‘नॉमिनी म्हणजे मालक, मुलींच्या सह्या लागत नाहीत,’ हे त्याने पहिल्याच भेटीत ठासून सांगितलं. साफ खोटं. नॉमिनी वारसांच्या वतीने मिळकत सांभाळतो, तेवढ्याने मालक होत नाही. काकांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे काकू आणि दोन्ही मुली सारख्या हिश्श्याच्या वारस. पण मुली लांब राहिल्या की प्रश्न विचारणारं कोणी उरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग ‘वारस नोंदीचे कागद’ म्हणून काकूंना दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं, फोटो आणि अंगठे घेतले. ते होतं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. मी ते नंतर ओळ न् ओळ वाचलं. सुरुवातीला बँकेत अर्ज देणे, पत्रव्यवहार करणे, माहिती घेणे अशी साधी कलमं. चौथ्या पानाच्या तळाशी, त्याच बारीक टाइपात: ‘सदर मिळकतीची विक्री करणे, मोबदला स्वीकारून पावती देणे, साठेखत व खरेदीखत नोंदवून देणे.’ आणि शेवटी, ‘हे कुलमुखत्यारपत्र अपरिवर्तनीय आहे.’

पण सगळ्यात मोठा घात त्याने एका सल्ल्यातून केला. ‘रजिस्टर्ड पाकीट आलं तर घेऊ नका वहिनी, घेतलं की अडकलात.’ काकूंनी पाकिटं परत पाठवली. प्रत्यक्षात पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला की नोटीस पोहोचली असंच धरलं जातं. ती नोटीस २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खालची होती; थकलेल्या कर्जासाठी कोर्टात न जाता गहाण मिळकत ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा हा कायदा. तिच्यात पैसे भरायला ६० दिवस असतात. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. पुढे बँकेने ताबा घेतला तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस. आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळी थकबाकी भरून घर सोडवायची सोय लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच. दिवाणी कोर्टाचा रस्ता यात बंद असतो. म्हणजे वारसांच्या हाती असतात ते हे मोजके दिवस, आणि तो माणूस नेमके तेच खात बसला होता.

मध्ये ‘एकरकमी तडजोडीसाठी’ दोन लाख रोख घेतले. पावतीवर बँकेचं नाव, गोल शिक्का, सही, सगळं. फक्त कर्जखात्याचा नंबर नव्हता.

दारावर सांकेतिक ताब्याची (म्हणजे घर रिकामं न करता कागदोपत्री घेतलेल्या ताब्याची) नोटीस चिकटली तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिचा फोटो मला पाठवला. शाखेत गेले तर खात्यात एक रुपया जमा नाही, तडजोडीचा अर्जही नाही. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर सूची २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधली, तर त्याच फ्लॅटचं साठेखत (विक्रीचा करार) नोंदलेलं! घेणारं एक तरुण जोडपं, बयाणा गेला त्या माणसाच्या खात्यात. मुलींचा हिस्सा काकूंच्या मुखत्यारपत्रावर विकता येतच नाही. शिवाय १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्रीला मनाई असते. त्या दोघांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. मूळ कागद बँकेत गहाण पडलेत हे झेरॉक्सवर दिसत नाही.

वकिलांनी एक गोष्ट लगेच सांगितली: मुखत्याराचा स्वतःचा त्या मिळकतीत हितसंबंध नसेल, तर नुसतं ‘अपरिवर्तनीय’ लिहून मुखत्यारपत्र तसं होत नाही. रद्दलेख नोंदवला, पेपरात जाहीर नोटीस दिली, पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार केली. न्यायाधिकरणातला अर्ज मुदत संपायच्या आत गेला, हे नशीब.

त्या धावपळीत काकांच्या कर्जाचं मंजुरीपत्र हाती आलं. त्यात एक ओळ होती: कर्जाच्या रकमेतूनच आयुर्विम्याचा हप्ता कापलेला. कर्जदार वारला तर बाकी विमा कंपनीने भरायची. कर्जदार गेल्यावर बँकेला सर्वांत आधी लेखी हाच प्रश्न विचारा, खात्याला विमा जोडलेला आहे का? दावा दाखल केला आणि कर्जाचा मोठा भाग त्यातून फिटला. उरलेलं मुलींनी भरलं. ही फाइल त्या माणसाने पहिल्याच दिवशी काकूंसमोर बसून पानोपान चाळली होती. विम्याबद्दल तो अक्षर बोलला नाही.

जोडप्याचा बयाणा अजून अडकलेला आहे. त्यांनीही त्याच पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे, आणि सूची २ ची प्रत आम्हीच त्यांना नेऊन दिली.