गच्चीवर सोलर बसवून एक वर्ष झालं, खरं काय ते सांगते

आमची सोसायटी गोरेगावात, सात मजले, २८ फ्लॅट, एक लिफ्ट. मी खजिनदार, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत (एजीएम) सगळे मान खाली घालून बसले होते तेव्हा माझी मान चुकून वर होती. मार्च २०२५ ला आमच्या गच्चीवरचं सोलर सुरू झालं, आता वर्ष झालं, बिलं सगळी फाइलला आहेत, आणि रोज कोणीतरी शेजारच्या सोसायटीतून फोन करून "कसं आहे हो, घ्यायचं का" विचारतं म्हणून एकदाच लिहून टाकते. व्हेंडरचं नाव लिहिणार नाही, कारण मीठ-मिरचीसकट भांडून झालंय आणि आता एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, त्याच्याकडेच आहे.

आधी माल. १८ पॅनल, प्रत्येकी ५५० वॉट, म्हणजे ९.९ किलोवॉट, एक थ्री फेज इन्व्हर्टर (पॅनलची वीज लिफ्ट-पंपाला चालेल अशी करणारा डबा) लिफ्टच्या मशीन रूममध्ये. ९.९ च का, १५ का नाही, तर २०२४ च्या नियमदुरुस्तीत १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला वीज कंपनीची फीजिबिलिटी स्टडी (त्यांच्या लाइनला हे झेपेल का याची तपासणी) लागत नाही असं झालं, आणि आमच्या सेक्रेटरींना जिथे एक कागद कमी लागतो तिथे आयुष्यभराचं समाधान मिळतं. शिवाय पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि चौथ्या मजल्यावरच्या आजींची पापडाची खाट सोडून उरलेली जागा तेवढीच होती.

खर्च सगळा मिळून ६ लाख १० हजार. सबसिडी पीएम सूर्यघर योजनेतून, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. इथे मोठा गोंधळ झाला तो सांगते. ज्याचं स्वतःचं घर, स्वतःचं छप्पर, त्याला ३ किलोवॉटला ७८,००० मिळतात. सोसायटीच्या कॉमन मीटरला ते लागू नाही, तिथे किलोवॉटमागे १८,०००, आम्हाला १,७८,२०० आले. पण व्हॉट्सअॅपवर ३०० युनिट मोफतवाला फॉरवर्ड फिरून गेलेला, त्यामुळे निम्म्या लोकांना वाटलं की आपल्या घरचं बिल झिरो होणार. अजून, वर्ष झालं तरी, दुसऱ्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "आमचं बिल काही कमी झालं नाही हो." काका, ते लिफ्टचं, पंपाचं आणि जिन्यातल्या लाइटचं बिल आहे, तुमच्या एसीचं नाही.

आता जे सगळ्यांना हवं असतं ते, आकडे. कॉमन मीटरचा वापर महिन्याला ११५० युनिटच्या आसपास, बिल साधारण साडेअकरा हजार यायचं. वर्षभरात सोलरने बनवली १२,४०० युनिट. म्हणजे महिन्याला सरासरी दहा हजाराच्या जरा खाली वाचले, फिक्स्ड चार्ज वगैरे द्यावाच लागतो, तो सूर्याला माफ नाही. व्हेंडर म्हणाला होता तीन वर्षांत वसूल, माझ्या हिशोबाने पावणेचार. खोटं बोलला असं नाही म्हणणार, सेल्समन माणूस, गोल आकडा आवडतो.

पण हे युनिट सारखे येत नाहीत. एप्रिलमध्ये १३२० आले, खूश झालो, मे मध्ये त्याच्यापेक्षा जास्त येणार म्हणून बसलो तर २६ मे लाच पाऊस मुंबईत दाखल, पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता म्हणे, आणि पार वाट लागली. जुलैत ६९०. १९ ऑगस्टला मोनोरेल अडकली होती ना, त्या दिवशी अॅपवर दिवसभराचे ६ युनिट. सहा! एप्रिलमध्ये चांगल्या दिवशी ४५ यायचे. ऑक्टोबरमध्ये आकाश धुतलेलं असतं तेव्हा परत बरं झालं. नेट मीटर, म्हणजे घेतलेल्या विजेतून आपण दिलेली वीज वजा करणारा मीटर, त्याच्यामुळे एप्रिलचे जास्तीचे युनिट पुढे जमा राहतात हे मात्र खरंच चांगलं आहे, बँकेसारखं. फक्त ही बँक मार्चअखेर खातं साफ करते, त्यामुळे शिल्लक ठेवून वारसाला देण्यासारखं काही नाही.

हे बघून मला एक गोष्ट कळली जी पेपरात वाचून कधी कळली नव्हती. ९.९ किलोवॉट ही नुसती कपॅसिटी. चोवीस तास, बारा महिने फुल चाललं असतं तर ८६ हजारांच्या वर युनिट झाले असते, आले १२,४००, म्हणजे सातवा हिस्सा. २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की देशात बसवलेल्या क्षमतेतली निम्मी आता कोळसा-गॅस सोडून इतर मार्गांची झाली, टाळ्या वाजल्या, वाजायलाच हव्यात, पण प्रत्यक्ष वापरलेल्या विजेत कोळसा अजून साधारण ७० टक्के. आधी मला वाटायचं कोणीतरी फेकतंय. आता आमचंच इन्व्हर्टर बघितल्यावर कळतं, दोन्ही आकडे खरे असू शकतात.

बरं, मीटर. पॅनल जानेवारीत चढले आणि नेट मीटर लागायला मार्च उजाडला. यात वीज कंपनीचा दोष नाही, आमचाच. कॉमन मीटरचं बिल अजून बिल्डरच्या नावावर! बिल्डर वर गेला, बिल इथेच राहिलं, आणि सत्तावीस वर्षं कोणाच्या लक्षात नाही कारण पैसे वेळेवर भरले की बिलावरचं नाव कोण वाचतो. मग नाव बदलायचा अर्ज, सोसायटीचं रजिस्ट्रेशन, ठराव, परत ठराव कारण पहिल्यावर शिक्का पुसट. तुम्ही घेणार असाल तर पॅनलचं कोटेशन मागवायच्या आधी कपाटातून बिल काढा आणि नाव वाचा. एवढं एक केलंत तरी हा रिव्ह्यू वाचल्याचं सार्थक.

आता व्हेंडरबद्दल. पॅनल त्याने आम्हाला डीसीआरचे दिले, म्हणजे आतला सेलही भारतात बनलेला, सबसिडीला ते लागतंच. हे नीट बघून घ्या, कारण "मेड इन इंडिया" स्टिकर लावून आतमध्ये बाहेरचा सेल असलेले पॅनल स्वस्त मिळतात आणि सबसिडी हुकते. जगात सोलरच्या मालाची साखळी, पॉलिसिलिकॉनपासून (सेलचा कच्चा माल) पॅनलपर्यंत, प्रत्येक टप्प्यावर ८० टक्क्यांहून जास्त चीनकडे आहे, मग डीसीआर महाग पडणारच. आमच्या कमिटीत यावर अर्धा तास देशभक्ती झाली आणि शेवटी सबसिडीमुळे निर्णय झाला. जीएसटीचा चटका मात्र बसला, आम्ही १२ टक्क्यांच्या काळात घेतले आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवर ५ झाला. मागच्या गल्लीतल्या सोसायटीने नोव्हेंबरमध्ये घेतलं, त्यांचे सेक्रेटरी मला मुद्दाम थांबवून सांगतात.

स्ट्रक्चर बसवताना काय केलं या लोकांनी, आधी ठरलं होतं की स्लॅबला भोक पाडायचं नाही, काँक्रीटचे ब्लॉक ठेवून त्यावर स्टँड. आम्ही सगळे कामावर गेलो आणि दुपारी पोरांनी चार पाय ड्रिल मारून थेट स्लॅबमध्ये घुसवले, कारण म्हणे त्या कोपऱ्यात वारा जास्त. गच्चीवरच्या फरशीच्या चायना चिप्स (चिनीमातीचे तुकडे) फुटल्या, वॉटरप्रूफिंग गेलं. जूनमध्ये सातव्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये पंख्याच्या बाजूला ओल, मग फुगवटा, मग एका रात्री प्लास्टरचा पापुद्रा बरोबर त्यांच्या उशीवर. काकू नशिबाने नातवाकडे ठाण्याला होत्या. त्यांनी तो पापुद्रा प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवला आणि प्रत्येक मीटिंगला घेऊन येतात, टेबलावर ठेवतात, काही बोलत नाहीत. व्हेंडरने तीन महिने "माणूस पाठवतो" केलं. शेवटी आम्हीच ४२ हजार घालून केलं, त्याच्या शेवटच्या हप्त्यातून कापले, म्हणून म्हणते, शेवटचा हप्ता पावसाळा बघून मग द्या.

दुसरं, सफाई. पहिल्या वर्षी दर पंधरा दिवसांनी मोफत धुणार असं कागदावर आहे, आले दोनदा. मुंबईत धूळ किती हे पॅनल धुतल्याशिवाय कळत नाही. आजूबाजूला चार बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला, हवेत सिमेंट, त्यावर डिसेंबरचं दव, सकाळी काचेवर राखाडी साय धरल्यासारखी. जानेवारीतल्या एका रविवारी मी आणि तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा सात वाजता पाइप आणि लांब दांड्याचा वायपर घेऊन चढलो, ऊन तापायच्या आत, गरम काचेवर गार पाणी मारायचं नसतं. पहिल्या पॅनलवरून जे पाणी उतरलं ते चहासारखं होतं. शनिवारी ३१ युनिट होते, सोमवारी ३८. एवढा फरक नुसत्या वायपरने! आणि कबूतरं. पॅनलखाली सावली, वारा, माणसं नाहीत, त्यांना टू बीएचकेच मिळाला. दादरच्या कबूतरखान्यावरून तिकडे एवढा वाद पेटला, आमच्याकडे कोणी न विचारता उघडला. शेवटी खालून जाळी मारून घेतली, ९ हजार, हे कोणत्याच कोटेशनमध्ये नसतं.

अॅपचं तर विचारूच नका. इन्व्हर्टरचा वायफाय सातव्या मजल्यावरच्या काकूंच्या राउटरवर जोडलेला. त्या गणपतीत गावी गेल्या, मेन स्विच बंद करून गेल्या, अठरा दिवस अॅप आंधळं. वीज बनत होती, दिसत नव्हती. आणि लॉगिन अजून व्हेंडरच्या पोराच्या नंबरवर, त्याने नोकरी सोडली. ओटीपी मागायला मी आता ज्याला फोन करते तो पुण्यात केक विकतो.

लाइट गेली की सोलर चालेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, नाही चालत. ग्रिड, म्हणजे बाहेरून येणारी लाइन, बंद झाला की इन्व्हर्टर आपोआप बंद, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्खी मुंबई बंद पडली होती आठवतंय? तेव्हा गच्चीवर हे असतं तरी लिफ्ट मधेच अडकली असती, डोक्यावर लख्ख ऊन असताना. मजा म्हणजे मुंबईची वीज बाहेरच्या ग्रिडपासून वेगळी काढून चालू ठेवायची व्यवस्था होती, तीही त्या दिवशी चालली नव्हती, मग आमच्या इन्व्हर्टरकडून काय अपेक्षा. बॅटरी हवी तर हायब्रिड (बॅटरी जोडता येणाऱ्या) इन्व्हर्टरसकट सव्वातीन लाखाचं कोटेशन आलं, ते बघून कमिटीत सगळ्यांनी एकदम चहा मागवला.

बॅटरीचा विषय तिथे संपला पण पाचव्या मजल्यावरच्या साहेबांमुळे परत आला. त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि म्हणाले की आपण सोलर सोसायटी आहोत तर मी रात्री पार्किंगमध्ये चार्ज करतो, ग्रीन एनर्जी. साहेब, रात्री अकराला कुठलं सोलर? रात्री तुमची गाडी डहाणूच्या नाहीतर ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रातल्या कोळशावरच चालणार. नेट मीटरने हिशोब जुळतो, धूर जुळत नाही. मला गंमत याची वाटते की साठवायची युक्ती आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होती, खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, लोणावळ्याकडच्या धरणात पावसाचं पाणी अडवायचं आणि मुंबईला लागेल तेव्हा सोडायचं, बॅटरीच झाली ना ती. आम्ही वर काचा लावल्या आणि साठवायचं विसरलो. मुंबईची मागणी उन्हाळ्यात ४,००० मेगावॉटच्या वर जाते, आमच्यासारख्या चार लाख गच्च्या लागतील, आणि त्याही फक्त भर दुपारी.

म्हणून आम्ही एक फुकटचं काम केलं. पंप. पालिकेचं पाणी पहाटे खालच्या टाकीत येतं आणि वॉचमनकाका वर्षानुवर्षं संध्याकाळी सातला पंप लावायचे, का तर आधीचे वॉचमन लावायचे. आता टायमर लावून साडेअकरा ते दीड. सध्या बिलात फार फरक नाही, आमच्या नेट मीटरला अजून सकाळचं युनिट आणि रात्रीचं युनिट सारखंच. पण केंद्राच्या २०२३ च्या नियमात आलंय की उन्हाच्या तासांचा दर किमान २० टक्के कमी आणि सगळ्यात जास्त मागणीच्या (पीक अवर्स) तासांचा घरगुती ग्राहकाला किमान १० टक्के जास्त ठेवायचा, तो दर जसजसा मीटरवर उतरेल तसा संध्याकाळचा पंप महाग पडणार. मीटिंगमध्ये हे सांगितलं तर विरोध कोणाचा, तर ज्यांच्या खिडकीखाली पंप आहे त्यांचा, दुपारची झोप मोडते. मान्य आहे, पण सातला त्यांची सिरीयल मोडायची तेव्हा नाही बोलले कधी.

एक काळजी आहे ती लिहायला हवी. नैऋत्येला टॉवर चढतोय, आत्ता चौदा मजले, होणार बावीस. डिसेंबरपासून तीननंतर शेवटच्या चार पॅनलवर त्याची सावली येते आणि एका पॅनलवर सावली आली की त्या रांगेतल्या बाकीच्यांनाही फटका. पॅनलला २५ वर्षांची परफॉर्मन्स वॉरंटी आहे, समोरच्या आकाशाला नाही. आणि आमचीच बिल्डिंग कधी रिडेव्हलपमेंटला जाईल याचा नेम नाही, दोन बिल्डर चकरा मारून गेले. म्हणून नटबोल्टवालं, उतरवता येणारं स्ट्रक्चर मागा, वेल्डिंगवालं घेऊ नका, आम्ही निदान तेवढं तरी नीट मागितलं.

स्टार द्यायचे तर पॅनल आणि इन्व्हर्टरला साडेचार, अर्धा अॅपसाठी कापला. व्हेंडरला दोन, त्यातला एक डीसीआरचे कागद चोख दिले म्हणून. काल मागच्या बाजूच्या बी विंगच्या बाईंनी मेसेज करून व्हेंडरचा नंबर मागितला. मी आधी वॉटरप्रूफिंगवाल्याचा पाठवला.