ओरॅकल एएसएम: क्लस्टरवाल्यांनी वापरावं असंच
उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीचा डेटाबेस दोन सर्व्हरच्या क्लस्टरवर चालतोय, दोघांना मिळून स्टोरेज एकच आणि ते सगळं एएसएमवर, म्हणजे डेटाबेससाठी डिस्क सांभाळणाऱ्या ओरॅकलच्याच सॉफ्टवेअरवर, आणि मला हे लै आवडलंय बघा. जागा भरत आली की नवीन डिस्क डिस्क ग्रुपमध्ये, म्हणजे एएसएमनं एकत्र धरलेल्या डिस्कांत टाकायची, डेटाबेस बंद करायची गरजच नाही, रीबॅलन्स, म्हणजे सगळ्या डिस्कांवर डेटा सारखा पसरवणं, आपोआप सुरू होतं. त्याचा पॉवर, म्हणजे वेगाचा आकडा, मूळचा 1 असतो म्हणजे सावकाश, दिवसा तसाच राहू दे, रात्री लोड कमी असला की 8 करा, भराभर उरकतं.

नॉर्मल रिडंडन्सीत डेटाच्या दोन प्रती ठेवल्या जातात, हायमध्ये तीन. पण फेल्युअर ग्रुप, म्हणजे एकदम बंद पडू शकणाऱ्या डिस्कांचे गट, स्वतः पाडून द्या हां! नाही दिले तर एएसएम प्रत्येक डिस्कलाच वेगळा फेल्युअर ग्रुप धरतं, मग दोन्ही प्रती एकाच स्टोरेज बॉक्सात बसू शकतात आणि तो बॉक्स बंद पडला की कामच तमाम. एलएसडीजी (डिस्क ग्रुपची यादी दाखवणारी कमांड) मारल्यावर फ्री एमबी, म्हणजे नुसती मोकळी जागा, बघून खूश होऊ नका, यूजेबल फाइल एमबी, म्हणजे प्रतींचा हिशेब धरून खरी वापरता येणारी जागा, बघा की, तो आकडा मायनसमध्ये गेला तर डिस्क गेल्यावर दुसरी प्रत परत करायला जागा पुरेलच असं नाही. एवढी महत्त्वाची गोष्ट अशी कोपऱ्यातल्या कॉलममध्ये नको होती, एक स्टार त्याचा कापला. चार स्टार.