चौदावं घर बोबडं झालं : ब्रेल डिस्प्ले, आठ महिन्यांनंतर

"फोन बोलतो, कॉम्प्युटर बोलतो, मग एवढे पैसे घालून ब्रेल कशाला?" हा प्रश्न डिस्प्ले घेतल्यापासून इतक्या जणांनी विचारलाय, की एकदाच सगळं लिहून टाकते.

माझं यंत्र 20 घरांचं आहे. घर म्हणजे सेल, ब्रेलचं एक चिन्ह मावेल एवढी जागा. आतल्या पिना खालीवर होतात. ओळ वाचून झाली की बटण दाबायचं, पुढची ओळ बोटांखाली उगवते. पर्किन्स या ब्रेल टाइपरायटरसारख्या कळा, मेमरी कार्ड, ब्लूटूथ. किंमत पाच आकडी, आणि त्यातला पहिला आकडा काही लहान नव्हे. दिवाळीचा बोनस त्यातच गेला.

मी अंधशाळेत ब्रेलवरच वाढले. पाटीत कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. कॉलेजात पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आला नि पाटी माळ्यावर गेली. पुढची पंधरा वर्षं मी नुसतं ऐकलं. त्याला मी वाचन म्हणत होते. मग एकदा ऑफिसच्या एका पत्रात 'मानेची शिर आखडल्यामुळे' असं लिहून गेले. साहेब हसत म्हणाले, "मॅडम, शिर म्हणजे डोकं. तुमची शीर आखडलीये." स्क्रीन रीडरच्या तोंडून दोन्ही मला सारखेच ऐकू येतात. शाळेत असताना ही चूक मी कधीच केली नसती.

कारण ब्रेलमध्ये ऱ्हस्व-दीर्घ हाताला लागतं. एका चिन्हात सहा टिंबांच्या जागा, डावीकडे वरून खाली 1-2-3, उजवीकडे 4-5-6. ऱ्हस्व इकार म्हणजे टिंब 2 आणि 4. दीर्घ म्हणजे 3 आणि 5. तीच तिरकी जोडी, फक्त एक पायरी खाली. पहिले दोन महिने हीच पायरी माझ्या बोटाला सापडत नव्हती. गंजलेलं बोट! रोज रात्री अर्धा तास बसले, तेव्हा कुठे तिसऱ्या महिन्यात वेग परत आला. शाळेतला नाही, पण त्याच्या जवळपासचा.

आता 20 घरांचं खरं सांगते. मराठीला ती कमी पडतात. 1951 पासून भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरलंय. त्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळ्यांना स्वतंत्र घर लागतं, आणि जोडाक्षर आलं की आधी टिंब 4 येतं. 'मुख्याध्यापकांकडून' हा एक शब्द 18 घरं खातो. उरली दोन! सरकारी परिपत्रक वाचताना अंगठा बटणावरून उठत नाही. परवडत असेल तर 40 घरांचं घ्या, पण त्या किमतीत आमच्याकडे दुचाकी येते.

एक गंमत. भारती ब्रेलमध्ये 'ण' आणि अंकचिन्ह (अंकाच्या आधी लावायची खूण) एकच, टिंबं 3-4-5-6. आणि एकाराचं चिन्ह तेच 5 या अंकाचं. म्हणजे 'णे' आणि '5' हाताला अगदी सारखे. वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही, संदर्भ असतो. पण मी यंत्रावर लिहिलेला पत्ता एका सॉफ्टवेअरमधून छापील मराठीत आणला, तर त्यानं 'पुणे'चं 'पु5' करून ठेवलं.

पावसाळ्यात, सहाव्या महिन्यात, चौदाव्या घरातली पाचवी पिन वर यायची बंद झाली. एक पिन गेली तर काय होतं? पाचवं टिंब गळालं की 'र'चा 'ल' होतो, 'न'चा 'म', 'ह'चा 'ब', 'द'चा 'च'. त्या घरात पाचव्या टिंबाचं जे अक्षर येईल ते बोबडं. "त्यानं काम देऊन ऐकलं" असं वाचलं आणि क्षणभर कळेचना. कान होता तो! दुरुस्तीला पाठवलं, पाच आठवड्यांनी परत आलं. आत धूळ होती म्हणे. तेवढे दिवस माळ्यावरची पाटी काढली. तिला ना चार्जिंग लागतं ना सर्व्हिस सेंटर. आता यंत्र पिशवीतच ठेवते, हात धुतल्याशिवाय बोट लावत नाही.

तरी पैसे वसूल कुठे झाले, तर एका सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात. निवेदन माझ्याकडे होतं. आधी अशा वेळी एका कानात इयरफोन घालून, यंत्र पुटपुटेल ते मागोमाग म्हणायचे. मध्येच कुणी हसलं की धागा तुटायचा. या वेळी डावा हात डिस्प्लेवर आणि दोन्ही कान सभागृहाला. टाळ्या संपेपर्यंत थांबता आलं, एका ठिकाणी कागदावर नसलेलं वाक्य घालून पुन्हा बरोबर जागेवर येता आलं.

पुस्तकांचं म्हणाल तर 2016 साली सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयावरून उतरवून घेते. मराठी शोधायला धीर लागतो. कागदावरचं ब्रेल मात्र मी सोडलेलं नाही. 2008 पासूनचं 'स्पर्शज्ञान' पाक्षिक हातात घेतलं की आख्खं पान पसरून बघता येतं, मथळा कुठे, परिच्छेद कुठे. एका ओळीच्या यंत्रात पान नावाची गोष्टच नाही. म्हणून लहान मुलाला पहिलं ब्रेल कागदावरच शिकवा, यंत्र नंतर. आणि "ऐकून भागतं की" म्हणणाऱ्या पालकांनी एकदा लांबलचक भागाकार नुसत्या कानानं करून बघावा.

वॉरंटीचे चार महिने राहिलेत. चौदाव्या घराला परत बोबडं व्हायचं असेल, तर तेवढ्यात होऊन घ्यावं.