जुनी २० इंची फोल्डिंग सायकल, एका पावसाळ्यानंतर: आधी हँडलचा सांधा बघा

माझ्या जुन्या फोल्डिंग सायकलच्या हँडलच्या दांड्यात पुन्हा कट-कट सुरू झाली, म्हणून हे लिहितोय; जुनी सायकल विकत घ्यायला निघालेल्यांनीही सौद्याआधी हेच बघावं. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर ठरलेलं: 'अख्खा दांडा बदला.' तो सहसा मिळत नाही, आणि बहुतेक वेळा बदलायची गरजही नसते.

आधी आवाज कुठला ते ठरवा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. एकदा बोट दांडा दुमडतो त्या सांध्याच्या, म्हणजे बिजागराच्या फटीवर ठेवा, एकदा हेडसेटच्या (हँडल फ्रेममध्ये फिरतं तिथलं बेअरिंग) खालच्या कपाशी. फटीपाशी हालचाल लागली तर सांधा सैल, कपापाशी लागली तर हेडसेट. दुकानात नेमकी इथेच गल्लत होते. बऱ्याच मॉडेलांत दांडा दुमडला की आत एलन बोल्ट दिसतो. हेडसेटचा प्ले (सैलपणा) तिथून काढतात. सांध्यासाठी मात्र त्याची लिव्हर उघडून ॲडजस्टिंग नट पाव फेरा आवळा, बंद करून बघा, लागलं तर आणखी पाव. लिव्हर निम्म्यावर आली की अडायला हवी आणि शेवटी तळव्याचा जोर लागायला हवा. एका बोटाने मिटते ती धोक्याची. हातोडी लागते ती जास्त आवळलेली, तिची पिन झिजते. एकमेकांवर टेकणाऱ्या तोंडांत चिखल वाळला तरी हाच आवाज येतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, पिनेला एक थेंब तेल, बस्स.

पुसतानाच टॉर्च तिरका धरून वेल्डिंग बघा. स्टीलवर गंजाची किंवा ॲल्युमिनियमवर काळपट, केसाएवढी रेघ दिसली तर ती चीर समजा, विकणाऱ्याला सायकल परत द्या. ६०६१ सारख्या ॲल्युमिनियमची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते; गल्लीतल्या वेल्डिंगच्या आचेने तिथली जागा मऊ पडते आणि वरून काहीच कळत नाही.

बाकी कामं सोपी. टायरच्या बाजूला ४७-४०६ असा आकडा (मिमीमध्ये रुंदी आणि रिमवर बसणारा व्यास) असेल तर लहान मुलांच्या २० × १.७५ सायकलचा टायर-ट्यूब चालतो, कुठेही मिळतो. ४५१ असेल तर शोधत बसाल. पुढचा हब (चाकाचा मधला भाग) मात्र फिरवून, कान लावून बघा: पुष्कळ फोल्डिंगमध्ये तो ७४ मिमी रुंद असतो, नेहमीचा १०० मिमीचा बसत नाही. मागच्या हबला साधारणपणे पाव इंची छर्रे, बाजूला नऊ-नऊ. ते काढून नवे घाला, जुने-नवे मिसळू नका.

केबलच्या आउटरचं (बाहेरच्या आवरणाचं) माप सायकल दुमडून घ्या. उलगडलेल्या सायकलवर कापलेली आउटर दुमडताना ताणते, मग गियर आपोआप बदलतो आणि ब्रेक घासत राहतो. सीटच्या दांडीला ग्रीस लावायचा सल्ला इथे चालत नाही. ही दांडी रोज वर-खाली होते, ग्रीस लागलं की बसल्याबसल्या घसरते. ती कोरडी पुसायची, आतली प्लॅस्टिकची स्लीव्ह फाटली असेल तर बदलायची. डावं पेडल उलट्या आट्याचं, हे मेकॅनिकलाही आठवण करून द्या. साखळी, केबली, ब्रेक शू, दोन ट्यूब आणि छर्रे मिळून दीड-दोन हजारांत भागतं, मजुरी स्वतःची असेल तर.

सुरुवातीला सगळा राग वजनावर होता. बारा-तेरा किलो जिन्याने नेणं नको वाटायचं. आता वजनाचं काही वाटत नाही. दुमडलेली सायकल उचलली की मधेच उघडते, ते जास्त छळतं, कारण दुमडलेले भाग धरून ठेवणारं जुनं चुंबक ढिलं पडलेलं असतं. वेल्क्रोचा पट्टा बांधला की प्रश्न मिटतो. सात गियरही पुढे ५२ दाती चकती असेल तर पुण्याच्या उड्डाणपुलांना पुरतात.

पण सौदा करताना हे सगळं नंतर. हँडलच्या सांध्यातला प्ले तिथल्या तिथे पाव-पाव फेऱ्याने गेला नाही, तर विकणारा किमतीत कितीही उतरला तरी घेऊ नका.