पाणी काचेतून येतच नव्हतं, तरी काचेचं काम करून बिल घेतलं

जुनी गाडी आहे आणि आत पाणी येतंय अशा सगळ्यांसाठी लिहितोय, जरा वेळ काढून वाचा. माझी गाडी १४ वर्षांची. ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर मॅट ओली दिसायला लागली, आधी वाटलं कुणाच्या बुटाचं पाणी असेल, मग आठवड्यात वास यायला लागला आणि सकाळी काचा आतून धुरकटलेल्या, तेव्हा गॅरेजला नेली.

त्यांनी काय केलं तर प्रेशरचा पाईप घेतला आणि माझ्या डोळ्यासमोर पुढच्या काचेच्या वरच्या कडेवर जोरात पाणी मारलं. दोन मिनिटांत आत थेंब पडायला लागले. म्हणाले, बघा साहेब, काचेचं सील गेलंय, काच काढून नव्याने चिकटवावी लागेल आणि चारही दारांची बीडिंगपण (कडेच्या रबरी पट्ट्या) कडक झालीत, ती एकदमच बदलून घ्या. डोळ्यांनी पाणी बघितलं होतं, मग विश्वास बसणारच ना! दोन दिवसांनी गाडी मिळाली, बिल भरलं, जुनं बीडिंग मागायचं सुचलंच नाही, ही माझी मोठी चूक.

पुढच्या पावसात तिथेच तेवढंच पाणी.

मग दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी काचेला हातच लावला नाही, आधी मॅट काढून कार्पेट उचललं. वरून नुसतं ओलसर वाटत होतं पण खालचा फोम दाबला तर स्पंजसारखं पाणी निघालं आणि पत्र्यावर गंज धरायला सुरुवात झालेली. त्यांनी पाणी बोटाला लावून बघितलं, चिकट आहे का, गोडसर वास येतो का, कारण तसं असेल तर ते हीटरमधलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) असतं. तसं नव्हतं. एसी न लावताही पाणी येत होतं म्हणजे एसीचा ड्रेन पाईप तुंबल्याचाही प्रश्न नव्हता. मग साधा बागेचा नळीपाईप, कमी धार, मला आत टॉर्च घेऊन बसवलं आणि खालून सुरुवात केली, आधी दाराचा खालचा भाग, मग वरचा, एकेका जागी पाच-सात मिनिटं. काही नाही. मग वायपरखालच्या जाळीत पाणी सोडलं, काचेवर थेंबही नाही, आणि ब्लोअरच्या (आत हवा सोडणाऱ्या पंख्याच्या) बाजूने धार लागली!

जाळी उघडली तर आत कुजलेल्या पाल्याचा चिखल. तिथलं पाणी दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागे खाली जायला पाहिजे, भोकं बुजली की ते साचतं आणि ब्लोअर जिथून बाहेरची हवा ओढतो तिथून आत उतरतं. म्हणून काचेवर पाणी मारलं तरी ते ओघळून तिथेच जमणार आणि आत येणार, आणि बघणाऱ्याला वाटणार काच गळतेय. चिखल काढला, मग २० मिनिटं त्याच काचेवर पाणी सोडलं, आत कोरडं ठणठणीत.

आता खरं दुखणं पुढे आहे. काकांनी काचेची कड दाखवली, काच कधी काढलीच नव्हती, जुन्या सीलंटवर बाहेरून सिलिकॉन फिरवलेलं. ड्रायव्हरच्या दाराच्या बीडिंगला खालच्या कोपऱ्यात जुना काप होता, तो तसाच, वर काळं पॉलिश मारलेलं. म्हणजे जे काम लागतच नव्हतं त्याचे पैसे घेतले आणि तेही काम केलं नाही. पहिल्या गॅरेजवाल्यांना जाब विचारला तर म्हणाले जुन्या गाडीची गॅरंटी देत नाही. मला याचा अजून राग येतो, कारण समोरच्याला कळत नाही हे बघूनच ते केलं होतं.

तेव्हा कुणी थेट वरून प्रेशरने पाणी मारून दाखवलं तर लगेच हो म्हणू नका, कार्पेटखाली बघितलं का ते विचारा, काच काढणार असतील तर समोर उभे राहा आणि जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यातल्या ड्रेन नळ्या आणि आधी दाराचं पॅड उघडून काम झालं असेल तर आतला प्लास्टिक कागद नीट चिकटवलाय का तेही आधी बघून घ्या.

फोम बाहेर काढून चार दिवस वाळवला तेव्हा कुठे वास गेला. काचेवरचं सिलिकॉन मात्र अजून थोडं थोडं खरवडतोय, काका म्हणाले पुढे कधी काच खरंच चिकटवायची वेळ आली तर त्यावर सीलंट धरणार नाही.