द्राक्षांचे अँगल आणि प्रोटॉन मॅग्नेटोमीटर: आठ महिन्यांचा अनुभव

बोअर-विहिरीसाठी जागा दाखवायचं माझं काम. पट्टा सिन्नर, निफाड, दिंडोरी. आधी फक्त रेझिस्टिव्हिटी मीटर (जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं) होतं, खुंट्या ठोका नि केबल ओढा. आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड प्रोटॉन मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, घेतलं. काठीवर सेन्सर, चालत चालत रीडिंग.

सेन्सरच्या डबीत केरोसीनसारखं द्रव असतं, भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यात करंट सोडून तोडला की प्रोटॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेतात. त्या वेगावरून आकडा निघतो. आपल्याकडे तो 43-44 हजार नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास येतो.

सिन्नरकडच्या एका पडीक रानात दर 5 मीटरला थांबत होतो. वीस खुणांपर्यंत आकडा जेमतेम वीस-तीसने हलला. मग एकदम 400 ने चढला आणि पुढच्या दोन खुणांत 600 ने कोसळला. बाजूच्या तिन्ही ओळींत तेच, सरळ रेषेत. वर नुसती काळी माती, खाली डाइक, म्हणजे बेसॉल्टच्या थरांत उभी घुसलेली दगडी भिंत. शेतकरीकाका मागून, "पाणी दावलं का ओ यंत्रानं?" पाणी नाही काका, पाणी अडवणारी भिंत दावली. जमिनीच्या चढाच्या बाजूला रेझिस्टिव्हिटी घेऊन पॉइंट दिला, दोन इंची पाणी लागलं. पुढच्याच महिन्यात दुसरीकडे तशाच डाइकजवळ नुसता फुफाटा उडाला, हेही सांगायला हवं.

सुरुवातीला मी सर्वात मोठ्या आकड्यावरच खूण करायचो. चूक. आपल्या अक्षांशावर क्षेत्र बरंच आडवं असल्याने आकड्याचा चढ एका अंगाला, उतार दुसऱ्या अंगाला येतो आणि भिंत बहुधा मधे असते. शिवाय 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथला बराच लाव्हा थिजला तेव्हा पृथ्वीचं क्षेत्र उलटं होतं. ती खूण दगडात राहिलेली, त्यामुळे काही ठिकाणी चढाऐवजी खड्डाच मिळतो.

भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग, मात्र नुसत्या या यंत्रावर सांगत नाही. दोन्हीकडे बेसॉल्टच, फरक दिसायचा कुठून? फार तर भरडलेल्या पट्ट्यातलं मॅग्नेटाइट (दगडातलं चुंबकी लोहखनिज) गंजून गेल्याने आकडा थोडा बसतो.

विकणाऱ्याने "मेंटेनन्स काहीच नाही" म्हणून दिलं, दुसऱ्या महिन्यात केबलचा कनेक्टर तुटला, तीन आठवडे यंत्र कपाटात. दुपारी आकडा आपोआप सरकतो. हे सरकणं टिपायला एका जागी ठेवायचं दुसरं यंत्र नाही म्हणून अर्ध्या तासाला मूळ खुंटीवर परत यावं लागतं. पायपीट.

पण खरा वैरी द्राक्षबाग. लोखंडी अँगल आणि तारा, आत शिरलं की आकडे पिसाळतात. बांधावरून नाहीतर पडीकातूनच ओळ टाकतो. मी कमरेचा पट्टा सोडून नाड्याची पँट घालतो, मोबाइल गाडीत. तरी एकदा अख्खी सकाळ वाया गेली. प्रत्येक खुणेला वेगळाच आकडा, यंत्र बिघडलं म्हणून मी डोकं धरून बसलो. हाताखालचा पोरगा बागेतून थेट आलेला, सेन्सरची काठी त्याच्याच हातात, आणि मागच्या खिशात छाटणीची कात्री.